पोटखराब्यातील फूल

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक शब्द असतो : ‘पोटखराब’. एखाद्या गटातील जेवढी जमीन लागवडीस निरुपयोगी, म्हणजे खडकाळ, उतरती अथवा ओढ्याखालची, तेवढी पोटखराब म्हणून वेगळी दाखविली जाते. तळेगाव दाभाडे हे माझ्या आईचे माहेर. तेथील आजोळच्या डोंगरउताराच्या उताऱ्यावर हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. पाऊण हेक्टराच्या त्या जमिनीपैकी रस्त्यालगतची थोडी पट्टी सोडली, तर बाकी सारी पोटखराब. आजोबांच्या पश्चात वारस म्हणून त्यावर आईचेही नाव लागले आणि आई गेल्यावर माझे. दरसाल दिवाळीनंतर तेथले गवत विकले जाई. त्या पैशांतून मामी आम्हां मुलांसाठी खाऊ पाठवीत. या जमिनीचा आमच्या बडोद्याच्या घराशी असलेला संबंध एवढाच.

गेल्या वर्षी, २०२५ च्या आरंभी, मामेभावाचे पत्र आले. उतार विकावयाचा आहे, भूखंड पाडणारे गिऱ्हाईक दारी आले आहे, तेव्हा उन्हाळ्यात एकदा येऊन हक्कसोडपत्रावर सही करून जावे, असा मजकूर होता. दादाची अडचण मला ठाऊक होती. धाकट्या मुलाचे शिक्षण व्हावयाचे आहे. मोठ्याचा धंदा अजून मार्गी लागलेला नाही. जो उतार वर्षाकाठी गवताच्या चार गाड्या देतो, तो बाळगून बसण्याइतकी सवड आज कोणाला आहे? मी तत्काळ होकार कळविला.

आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. मी तळेगावास निघाले आहे असे कळताच ते एक जपून ठेवलेले कात्रण घेऊन आले. “तुमच्या आजोळच्या डोंगरावर एक नवी वनस्पती सापडली आहे, वाचलेत का?” त्यांनी विचारले. मी वाचले नव्हते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तळेगाव दाभाड्याच्या गवताळ माळांवरून एक नवीन जाती शोधून काढली होती आणि तिचे वर्णन २०२४ साली ‘क्यू बुलेटिन’ या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले होते. तिचे शास्त्रीय नाव ‘डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा’. “मोठे झाड नव्हे ते,” सर म्हणाले, “मुळाशी लाकडी असलेले ठेंगणे झुडूप. पण वर्षातून दोनदा फुलते, आणि दुसऱ्यांदा फुलते ते वणव्यानंतर! तुम्ही मे महिन्यात जाणार, म्हणजे नेमक्या वेळी जाणार. डोळे उघडे ठेवून चाला, एवढेच सांगतो.”

बडोद्याच्या मराठी माणसास तळेगाव अगदीच परके नाही. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये ज्यांना सेनापतिपद दिले, त्या खंडेराव दाभाड्यांचे हे गाव. गायकवाडांचे मूळ पुरुष दमाजीराव आणि त्यांच्यामागून पिलाजीराव हे या दाभाड्यांच्याच पदरचे सरदार होते. खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव १७३१ मध्ये आपल्या बडोद्याजवळच्या डभईच्या रणांगणावर बाजीराव पेशव्यांच्या सैन्याशी लढताना पडले. दाभाड्यांचा गुजरातेवरील हात सैल होत गेला आणि गायकवाडांचा बळकट झाला. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे गुजरातेत येणे या इतिहासाच्या ओघातलेच आहे. आईचे लग्न होऊन ती तळेगावहून बडोद्यास आली, तेव्हा आजोबा थट्टेने म्हणाले होते म्हणे, “सेनापतीची लेक सरदाराच्या गावी चालली.”

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने मी निघाले. सकाळी घाट चढून गाडी लोणावळ्यास आली. तेथे उतरून पुण्याची लोकल धरली. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी ओळखीची स्थानके एकामागून एक येत होती. लहानपणी या वाटेवर खिडकीशी बसण्यासाठी आम्हां भावंडांत भांडणे होत. त्या वेळी दोन्ही अंगांस भाताची खाचरे आणि त्यांच्यामागे पिवळे डोंगर दिसत. खाचरे अजूनही आहेत. पण त्यांच्या मधून मधून आता बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि डोंगरांच्या पायथ्याशी तांबड्या मुरुमाचे ताजे घाव दिसतात.

तळेगावाने मात्र आपले जुनेपण थोडेबहुत राखले आहे. तळ्याच्या काठाने मी चालत गेले. बनेश्वराचे दर्शन घेतले. त्या आवारातील खंडेराव दाभाड्यांच्या समाधीपाशी गर्द सावलीत क्षणभर विसावले. लोकमान्यांच्या पाठिंब्याने आणि अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीने एकेक पैसा गोळा करून १९०८ साली काचेचा कारखाना निघाला तो याच गावी. गो. नी. दांडेकरांनी आपले घर केले तेही इथेच. मावळातले डोंगर पायांखाली घालणाऱ्या या लेखकाचे पुस्तक आईच्या उशाशी असे. ‘माचीवरला बुधा’ वाचताना तिला आपले माहेरचे वारे लागत असावेत. असे हे गाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याच्या डोंगरावर काही नवे सापडेल असे सहसा वाटले नसते. सह्याद्रीचे हे अंग म्हणजे माणसांनी हजारदा तुडविलेले. पुण्यापासून रेल्वेने तासाभराची वाट. आणि तरीही तेथे शास्त्रास ठाऊक नसलेले एक झुडूप कित्येक काळ फुलत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा मला उतार दाखवावयास घेऊन गेला. “सही करण्यापूर्वी एकदा पाहून घे, म्हणजे नंतर मनाला रुखरुख नको,” वहिनी म्हणाल्या. सूर्य उगवण्याच्या आत आम्ही पायवाटेस लागलो.

वैशाखातला मावळचा डोंगर पाहावयास रम्य नसतो. पावसाळ्यात ज्या उतारांवर हिरवा गालिचा असतो आणि दिवाळीच्या सुमारास जेथे कमरेएवढे सोनेरी गवत डुलते, तेथे आता नुसती पिवळी खुरटी थोटके उरलेली असतात. आणि वणवा लागून गेला असेल तर तीही नाहीत. आमच्या उताराचा वरचा भाग काळाठिक्कर पडला होता. पंधरवड्यापूर्वी कोणीतरी जाळ लावला होता, असे दादा म्हणाला. वाळलेले गवत जाळले म्हणजे पहिल्या सरीबरोबर नवे गवत जोमाने फुटते, ही इकडची जुनी समजूत. शिवाय खाली खाचरांत भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याची ठिणगी वाऱ्याने वर येते ती वेगळीच. पायांखाली राख चुरचुरत होती. हवेत जळक्या गवताचा उग्र वास होता.

एका खडकाच्या आडोशाला एक वृद्ध गृहस्थ बसले होते. दादा त्यांना ओळखत होता. गेली चाळीस वर्षे याच उतारावर ते गवत कापीत आले होते. मी त्यांना नमस्कार करून विचारले, “बाबा, वणव्यानंतर इथं एखादं लहान झुडूप फुलतं का हो?” ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग काठी टेकीत उठले आणि वीसेक पावले खाली जाऊन थांबले. “हे बघा,” एवढेच म्हणाले.

मी गुडघे टेकून वाकले. काळ्या राखेतून, दोन दगडांच्या बेचक्यातून, वीतभरही उंच नसलेले पाच-सहा कोंब वर आले होते. पाने थोडी, कोवळी. परंतु फुले मात्र विपुल. फिकट जांभळट-गुलाबी, नाजूक, दोन ओठ उघडावेत तशा आकाराची. थोड्या अंतरावर असाच दुसरा झुबका होता, त्यापलीकडे तिसरा. सगळा उतार मेल्यासारखा पडलेला असताना हे एवढेच काय ते जिवंत दिसत होते.

“याला नाव काय म्हणता तुम्ही?” मी विचारले.

“नाव?” म्हातारेबाबा हसले. “त्याला कशाला नाव, ताई? जळतंय, पुन्हा फुटतंय. आमचं ध्यान सारं गवतावर.”

मी फूल तोडले नाही. वहीत एक ओबडधोबड चित्र काढले आणि दादाच्या मोबाईलवर तीन-चार छायाचित्रे घेतली. हे तेच झुडूप, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बडोद्यास परतल्यावर सरांनी छायाचित्रे भिंग लावून न्याहाळली. “कुल तर नक्की अडुळशाचे,” ते म्हणाले, “कोरांटी, कारवी यांचेही तेच. प्रजातीही बहुधा तीच. पण जाती कोणती हे छायाचित्रावरून सांगू नये. त्याला वाळवून जपलेला नमुना लागतो, आणि त्याहून अधिक लागतो तो धीर.”

हा धीर म्हणजे काय, ते या शोधाच्या हकिकतीवरून ध्यानी येते. आदित्य धारप यांनी ही वनस्पती प्रथम गोळा केली ती २०२० च्या आरंभी. तळेगावचे माळ गवत आणि चाऱ्याच्या व्यापारासाठी ओळखले जातात. तेथे हिंडताना हे झुडूप त्यांच्या दृष्टीस पडले. दुसरा कोणी असता तर त्याने लगेच डांगोरा पिटला असता. त्यांनी तसे केले नाही. पुढे काही वर्षे ते पुन्हा पुन्हा त्याच माळावर जात राहिले. आज दिसलेली लक्षणे पुढच्या हंगामातही तशीच दिसतात की नाहीत, हे त्यांनी पडताळून पाहिले. डॉ. मंदार दातार आणि भूषण शिगवण हे त्यांचे सहकारी. अडुळशाच्या कुलाचे जागतिक कीर्तीचे जाणकार, इंग्लंडातील क्यू उद्यानाचे डॉ. इयान डार्बीशायर यांनीही ही जाती नवी असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा कोठे तिचे बारसे झाले.

नाव ठेवण्यातही विचार आहे. ‘डिक्लिप्टेरा’ हे प्रजातीचे नाव दोन झडपांचे दार आणि पंख या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले असून ते फळाच्या घडणीस उद्देशून आहे. ‘पॉलिमॉर्फा’ म्हणजे बहुरूपी. हे झुडूप खरोखरच बहुरूपी आहे. पाऊस सरला की नोव्हेंबरच्या सुमारास ते प्रथम फुलते आणि हा बहर मार्च-एप्रिलपर्यंत टिकतो. या बहरात त्याचा फुलोरा कणसासारखा लांबट होतो. भारतातील याच्या ज्ञात भाऊबंदांत असा फुलोरा दुसऱ्या कोणाचा नाही. या बाबतीत त्याचे नजीकचे आप्त आफ्रिकेत आहेत. मग उन्हाळ्यात गवत वाळते, वणवा येतो आणि झुडपाचा जमिनीवरील भाग जळून जातो. परंतु त्याचे खरे ठाणे खाली आहे. मुळाशी त्याचा एक लाकडी कंदासारखा बुंधा असतो. गवताचा वणवा वेगाने पुढे सरकणारा; त्याची धग मातीत फार खोल उतरत नाही. तो बुंधा शाबूत राहतो आणि मे-जूनमध्ये त्यातून ठेंगणे कोंब उसळून वर येतात, ते फुले घेऊनच. हा दुसरा बहर अल्पकाळचा, पण अधिक भरघोस असतो. जून सरता सरता पाऊस येतो, गवत वाढते आणि सारे त्याखाली झाकले जाते.

विचार करा, वाचकहो. एकाच मुळावरचे झुडूप कार्तिकात एका रूपात आणि वैशाखात दुसऱ्या रूपात. एका फेरीत परतणाऱ्या अभ्यासकाने दोन्ही पाहिली, तरी ती एकाची आहेत असे त्याला वाटावे कसे? जो बारमाही त्या माळावर आहे, त्या गवत कापणाऱ्या बाबांनी दोन्ही रूपे पाहिली होती. पण ती पाहण्याजोगी आहेत असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

ज्या आघारकर संस्थेतून हा शोध लागला, तिची स्थापना १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून झाली. मालवणास जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तिचे पहिले संचालक. १९९२ मध्ये संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. आपल्याकडील मराठी माणसाचा या विद्येशी संबंध त्याहूनही जुना आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रह सांभाळणारे रानडे यांनी आंबा घाटात एक झुडूप शोधले. १८९४ साली क्यूच्या त्याच नियतकालिकातून, तेव्हा त्याचे नाव निराळे होते, या झुडपाचे वर्णन छापून आले आणि रानड्यांचे नाव कायमचे त्याला जडले : ‘अब्युटिलॉन रानडेई’. आपले लोक त्याला सोनघंटा म्हणतात. घंटेच्या आकाराची त्याची फुले घाटमाथ्याच्या कड्यांवर डुलतात. आज ते अतिसंकटग्रस्त मानले जाते. शिवनेरीच्या कातळावर उगवणारी शिंदळ माकुडीही अशीच. ती १८६० नंतरच्या काळात शास्त्राला कळली. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया’ म्हणतात. या दोघी निदान दुर्गम कड्यांच्या आश्रयाला राहतात. कड्यावर नांगर चालत नाही आणि बंगलाही बांधता येत नाही. तळेगावच्या या झुडपाला तो आश्रय नाही. ते सौम्य उतारावर, उघड्या माळावर राहते, आणि अशाच जागांना आज गिऱ्हाईक आहे. त्याच्या वस्तीचा टापू मुळातच लहान आहे.

मला स्वतःला या प्रकरणात एक कबुली द्यावयाची आहे. आई गेली त्या वर्षी तिच्या स्मरणार्थ काहीतरी करावे असे मनात आले आणि मी दादाकडे पैसे पाठविले : आपल्या ओसाड उतारावर झाडे लावावीत. दादाने मोठ्या आस्थेने पन्नास खड्डे खणवून घेतले आणि गिरीपुष्पाची रोपे लावली. लवकर वाढणारे, गुरे न खाणारे झाड म्हणून ते त्याला कोणी सुचविले होते. ते मूळचे अमेरिका खंडातले, हे आम्हां दोघांसही ठाऊक नव्हते. त्यांपैकी दहा-बारा जगली आहेत. या खेपेस मी पाहिले, तर त्यांच्या सावलीत गवत नव्हते, आणि ते जांभळट झुबकेही नव्हते. दहा-बारा झाडांवरून सिद्धान्त मांडण्याचा अधिकार मला नाही. पण उघड्या उन्हात वाढणाऱ्या झुडपाला सावली मानवत नाही, एवढे तर घरच्या बागेतही कळते. ज्या जागी मी पुण्यकर्म म्हणून खड्डे खणविले, तेथे पूर्वी काय होते ते मी पाहिले नव्हते. ‘ओसाड’ हा शब्दच मी आधी लिहून मोकळी झाले होते.

ही चूक माझ्या एकटीची नाही. झाडे नाहीत म्हणजे तेथे पूर्वी अरण्य होते आणि माणसाने ते तोडले, हे आपण गृहीतच धरतो. पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानांविषयी संशोधकांनी या समजुतीची तपासणी केली आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी तर त्यासाठी आपले जुने वाङ्मय धुंडाळले. सुमारे साडेसातशे वर्षांच्या काळातील आख्याने, ओव्या आणि लोकगीते यांत कोणती झाडेझुडपे येतात, याची त्यांनी नोंद केली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून असे दिसले की, तेव्हाही या मुलखात मोठा भाग गवताचा, बाभळी-तरवडांचा, मोकळ्या माळाचाच होता. म्हणजे माळ हे मेलेले जंगल नव्हे. ती माळाचीच जात आहे. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आपल्या पणज्यांची साक्ष शास्त्राच्या उपयोगी पडली, हे वाचून मला फार बरे वाटले.

तर मग आग चांगली की वाईट? मी हाच प्रश्न सरांना विचारला होता. ते म्हणाले, “औषधाची मात्रा असते तसे आहे. या झुडपाच्या जीवनक्रमात आग बसलेली आहे, म्हणून दर महिन्याला काडी लावावी असे नव्हे. वारंवार आणि अवेळी जाळले तर बी धरावयास अवसर मिळणार नाही, मातीही उघडी पडेल.” गवताचा वापर, चराई, आग या सर्वांचा तोल राखला पाहिजे, असेच शोधकर्त्यांचेही म्हणणे आहे. हा तोल कुंपण घालून आणि पाटी लावून साधणारा नाही. तो आजवर राखला गेला, तो दिवाळीनंतर गवत कापणाऱ्या आणि पावसाळ्यात माळ मोकळा सोडणाऱ्या माणसांकडून, त्यांच्याही नकळत. गवताला भाव राहिला नाही आणि उताराला आला, तर तो तोल सांभाळणार कोण?

त्या सकाळी डोंगरावरून उतरताना मी बराच वेळ गप्प होते. दादाच्या ते ध्यानात आले. “सही करायची नाही ना?” त्याने सरळ विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मला वाईट वाटले. बडोद्यास बसून दुसऱ्याच्या संसाराला उपदेश करणे फार सोपे असते. त्या उतारावरून ज्याला मुलाची फी भरावयाची आहे, त्याला एका बोटभर फुलाची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगावी?

“करीन दादा,” मी म्हणाले, “पण सगळ्यावर नको. आईच्या वाट्याला जेवढं येतं तेवढं वरच्या अंगाला मोजून दे. ते मी विकणार नाही. गवत तूच काप, पैसेही तूच घे. खालची रस्त्याकडची पट्टी तुझी. तिच्यावर मी आजच सही करते.”

दादा हसला. “वर तर गाडीरस्ताही जात नाही. ते गिऱ्हाईक वरच्या भागाला तसाही अर्धाच भाव देत होतं.” मग काही पावले चालून म्हणाला, “मोजणी मागवतो. नकाशा होईपर्यंत पावसाळा जाईल. दिवाळीला ये, तेव्हाच सही कर.” वहिनींना हे कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “आत्याबाईंना आवडलं असतं.”

ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर मी पुन्हा तळेगावास गेले. मोजणीचे दगड रोवले गेले होते. खालच्या पट्टीच्या कागदांवर मी सही केली आणि त्याच संध्याकाळी एकटीच उतार चढून गेले. गवत कमरेपर्यंत आले होते. पायवाट हातांनी चाचपावी लागत होती. ते दोन दगड मला नीट आठवत होते, म्हणूनच जागा सापडली. तेथे वैशाखातले ते ठेंगणे झुबके नव्हते. गवतातून उंच उठलेल्या काड्या होत्या आणि त्यांवर कणसासारखे फुलोरे. ओळखीचे काही दिसेना. जवळ वाकून पाहिले, तेव्हा त्याच जांभळट छटेचे, दोन ओठांचे एक फूल दिसले. त्या दोन दगडांनी वाट दाखविली नसती, तर मी ते ओलांडून पुढे गेले असते.

गिरीपुष्पाच्या झाडांचे काय करावयाचे, ते आम्ही तेव्हाच ठरविले. त्यांपैकी एक आईचे म्हणून बांधावर राहील. बाकीची दादा सरपणासाठी तोडणार आहे. अर्ध्या हेक्टराहूनही लहान असा एक तुकडा गवताला सोडल्याने एखादी जाती वाचते, असा माझा भ्रम नाही. तिला वाचवावयाचे तर तळेगावच्या सगळ्याच माळांचा विचार व्हावा लागेल, आणि तो तेथे राहणाऱ्यांना बरोबर घेऊनच व्हावा लागेल. पण पाहिल्यावाचून कशालाही ओसाड म्हणावयाचे नाही, एवढे मी या वयात शिकले.

निघताना दादा म्हणाला, “नवा उतारा निघेल तेव्हा वरच्या तुकड्यापुढचा तो पोटखराब शब्द बदलून घ्यायचा का? अर्ज करतो.” मी नको म्हटले. त्या शब्दामुळेच तिकडे इतकी वर्षे कोणी नांगर नेला नव्हता.